एमआरआयमध्ये बायोप्सीचा मार्कर दिसत नाही, तेव्हा काय बदलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहेत. ऑपरेशनआधी केमो चालू असलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांचे स्कॅन त्यांच्याकडे होतात. बायोप्सीच्या वेळी गाठीत मार्कर (जागेची खूण म्हणून सोडलेला बारीक तुकडा) ठेवल्याची नोंद फाइलमध्ये असते, मॅमोग्राफीत तो ठळक दिसतो, पण एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘मार्कर निश्चितपणे दिसत नाही’ असं येतं. सर्जन विचारतात, मग तो गेला कुठे? त्यामुळे यांचा प्रश्न असा: कोणता सिक्वेन्स (स्कॅनची पद्धत) लावू, ३ टेस्लाच्या, म्हणजे १.५ टेस्लापेक्षा जास्त ताकदीच्या मशीनवर पाठवू का, की एसडब्ल्यूआय (चुंबकक्षेत्रातली बारीक गडबड टिपणारा सिक्वेन्स) जोडून टाकू?

स्तनांचं इमेजिंग हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुरुवातीला एक गोष्ट वेगळी काढू. इथे दोन प्रश्न एकात मिसळले आहेत. ‘मार्कर स्तनात आहे का?’ हा पहिला, आणि ‘उरलेल्या आजाराच्या मानाने तो कुठे आहे?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दोन बाजूंनी काढलेली मॅमोग्राफी काही मिनिटांत देते. त्यासाठी एमआरआय ताणत बसण्यात अर्थ नाही. दुसरा प्रश्न मात्र खरोखर एमआरआयचा आहे. केमोनंतर गाठ पूर्ण विरघळली तर जुनी जागा दाखवायला तो २-३ मि.मी.चा तुकडाच उरतो. काही पेशी शिल्लक असतील तर त्या मार्करभोवती आहेत की दोन सेंटीमीटर पलीकडे, यावर काय कापायचं ते ठरतं.

आता तो का दिसत नाही ते बघू. मार्करमध्ये सिग्नल देणारं पाणीही नाही आणि चरबीही नाही, म्हणून एमआरआयला मार्कर स्वतः कधीच दिसत नसतो. दिसते ती त्याने आजूबाजूच्या चुंबकक्षेत्रात केलेली गडबड. ती किती मोठी होणार हे धातूवर अवलंबून असतं. एखादा पदार्थ चुंबकक्षेत्रात ठेवला की तो किती चुंबकत्व घेतो, याला ससेप्टिबिलिटी म्हणतात. पाण्याची साधारण उणे ९ पीपीएम (दशलक्षात भाग), आपल्या ऊतींची जवळपास तेवढीच. टायटॅनियमची अधिक १८० च्या आसपास, निटिनॉलची अधिक २४५ च्या आसपास, सोन्याची उणे ३४. ज्याला ‘चुंबकाला न चिकटणारं’ म्हणतात त्या स्टीलची काही हजार. उलट झिर्कोनियासारखं सिरॅमिक पाण्याच्या इतकं जवळ असतं की आजूबाजूला जवळपास काहीच गडबड होत नाही. दिसला तर त्याच्या आकाराएवढाच एक बारीक काळा ठिपका.

म्हणजे ‘मार्कर दिसत नाही’ या तक्रारीतला मोठा भाग बायोप्सीच्या टेबलावरच ठरून गेलेला असतो. पुढे केमो आणि एमआरआय होणार हे माहीत असताना कोणता मार्कर निवडला, आणि कोणता निवडला याची नोंद पुढे पोचली का, हे आधी विचारा. ‘क्लिप ठेवली’ (क्लिप म्हणजे मार्करच) एवढीच नोंद असेल तर मी बायोप्सी करणाऱ्यांना फोन करते. स्टीलचा शोधायचा की सिरॅमिकचा, यावर मी कुठे आणि काय बघणार ते ठरतं. एमआरआयसाठी तो मार्कर चालतो का, हेही मार्करच्या कार्डावरून कळतं. नेहमीचे मार्कर चालतात, पण गृहीत धरण्यापेक्षा कार्ड बघितलेलं बरं.

यानंतर सिक्वेन्स. टी-टूसाठी (पाणी उजळ दाखवणाऱ्या चित्रांसाठी) आपण बहुतेक वेळा फास्ट स्पिन एको वापरतो. त्यातल्या १८० अंशांच्या पल्समुळे विस्कटलेले फेज (सिग्नलच्या लहरींचा ताल) पुन्हा जुळतात, म्हणजे मार्करने केलेली गडबड सिक्वेन्स स्वतःच बऱ्याच अंशी पुसून टाकतो. टी-टूवर टायटॅनियमचा मार्कर दिसला नाही तर नवल नाही. ग्रेडियंट एकोत ही दुरुस्ती होत नाही, म्हणून मार्कर तिथेच शोधायचा.

पण कॉन्ट्रास्टचे डायनॅमिक सिक्वेन्सही (कॉन्ट्रास्ट औषध देऊन एकापाठोपाठ काढलेली चित्रं) ग्रेडियंट एकोच असतात, मग त्यात का सापडत नाही? कारण तिथे आपण चरबीचा सिग्नल दाबलेला असतो. मार्कर चरबीत बसलेला असेल तर काळ्या पाटीवर कोळशाने काढलेला तो ठिपका. शिवाय या सिक्वेन्सचा टीई (पल्सनंतर सिग्नल, म्हणजे एको, घेईपर्यंतचा वेळ) अगदी कमी ठेवलेला असतो, त्यामुळे ठिपकाही लहान. भरीला आपण वाचताना सबट्रॅक्शन आणि एमआयपी उघडतो. सबट्रॅक्शनमध्ये आधीही काळं आणि नंतरही काळं, म्हणजे वजा जाऊन काहीच उरत नाही. एमआयपी तर सर्वांत उजळ ते दाखवायलाच बनवलेलं असतं.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं पहिलं उत्तर: चरबी न दाबलेला, पातळ स्लाइसचा, त्रिमितीय टी-वन (चरबी उजळ दाखवणारा) ग्रेडियंट एको, कॉन्ट्रास्ट देण्याआधी. उजळ चरबीत टायटॅनियमचा काळा ठिपका उठून दिसतो. स्लाइस १ ते दीड मि.मी. मिळाली तर उत्तम. ३ मि.मी.ची स्लाइस आणि मध्ये गॅप असेल तर एवढासा मार्कर दोन स्लाइसमध्ये अर्धा-अर्धा वाटला जातो आणि दोन्हीकडे नुसता राखाडी डाग दिसतो.

हा सिक्वेन्स कदाचित तुमच्याकडे आधीच निघत असेल. डिक्सन पद्धतीने (पाणी आणि चरबीचे सिग्नल वेगळे करून) स्कॅन करत असाल तर मशीन चार संच बनवतं: पाणी, चरबी, इन-फेज (दोन्हींची बेरीज) आणि आउट-ऑफ-फेज (दोन्हींची वजाबाकी). बऱ्याच ठिकाणी पॅक्सवर (चित्रांच्या संगणकीय साठ्यावर) फक्त पाण्याचा संच पाठवला जातो, बाकीचे मशीनवरच राहतात आणि काही दिवसांनी पुसले जातात. इन-फेज संच पाठवायला सुरुवात करा. स्कॅनचा एक सेकंदही न वाढवता अर्धं काम होईल. आउट-ऑफ-फेजवर मार्कर शोधू नका. तिथे चरबी आणि ग्रंथी यांच्या प्रत्येक सीमेवर काळी रेघ उमटते आणि मार्कर त्या रेघांत हरवतो. उगाच मार्कर ‘सापडतो’ तोही तिथेच.

आता ३ टेस्ला. तिथे क्लिप मोठी दिसते असं सर्रास म्हटलं जातं, पण ते टीई सारखा असेल तरच. गडबडीचा आकार चुंबकक्षेत्र आणि टीई यांच्या गुणाकारावर ठरतो. १.५ टेस्लावर इन-फेज टीई साधारण ४.६ मिलिसेकंद, ३ टेस्लावर २.३. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे तेवढाच! म्हणजे दोन्ही मशीनवर इन-फेज चित्र काढलं तर ठिपका जवळपास सारखाच. ३ टेस्लावर सिग्नल जास्त असल्याने व्हॉक्सेल (चित्राचा त्रिमितीय कण) बारीक करता येतो, तो फायदा खरा आहे. पण फक्त मार्करसाठी रुग्णाला दुसऱ्या मशीनवर पाठवायची गरज मला क्वचितच वाटते.

टीई वाढवल्याने किती फरक पडतो? वाटतो त्याहून कमी. छोट्या धातूची गडबड अंतराच्या तिसऱ्या घाताने उतरते, म्हणून टीई दुप्पट केला तर ठिपका दुप्पट होत नाही, त्याचा व्यास साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वाढतो. मग वाढवायचा कशाला? तुलनेसाठी. एकाच स्कॅनमध्ये लहान आणि मोठ्या टीईचे दोन एको घ्या आणि शेजारी शेजारी लावा. मार्करचा ठिपका दुसऱ्या एकोत फुगतो. तंतुमय पट्टा किंवा कूपरचा बंध (स्तनाला आधार देणारा तंतूंचा बंध) दोन्हीत तेवढाच राहतो. ग्रंथी दाट असलेल्या स्तनात, जिथे टी-वनवर सगळंच करडं असतं आणि उजळ चरबीची पार्श्वभूमी मिळत नाही, तिथे मला या तुलनेचा सर्वांत जास्त उपयोग होतो. किमान तीव्रतेचं प्रोजेक्शन, म्हणजे मिनआयपी, पाच-सहा स्लाइसचं काढलं की ठिपका पटकन नजरेत येतो. पूर्ण स्तनाचं मात्र काढू नका. हवा आणि फुप्फुस सगळं काळं करून टाकतात.

बँडविड्थ कमी करून ठिपका मोठा करण्याचा सल्लाही कुठे कुठे दिला जातो. तो मी घेत नाही. त्याने रीडआउटच्या दिशेने चित्र सरकतं, म्हणजे मार्कर दिसेल पण चुकीच्या जागी. आपल्याला तर जागाच हवी आहे.

आता काळा दिसणारा प्रत्येक ठिपका मार्कर नसतो, हे विसरलं तर वरची सगळी मेहनत उलटते. बायोप्सीनंतर लगेच स्कॅन असेल तर पोकळीत हवेचे बुडबुडे असतात आणि तेही ग्रेडियंट एकोत असेच फुगतात. यात एक युक्ती उपयोगी पडते: रुग्ण पालथी झोपलेली असते, म्हणून बुडबुडे वर, म्हणजे छातीच्या भिंतीच्या बाजूला चढतात; मार्कर असं काही करत नाही. जुन्या रक्तस्रावातलं लोहही काळं दिसतं, पण ते सहसा पोकळीच्या कडेने पसरतं. मोठं कॅल्सिफिकेशन हा खरा त्रासदायक सोबती, कारण नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रात ते आणि टायटॅनियम एकसारखे दिसू शकतात. इथे मॅमोग्राफी शेजारी उघडणं हाच सोपा मार्ग.

एसडब्ल्यूआय आणि क्यूएसएम यांचा मुद्दा इथे येतो. दोन्हींत फेजची माहिती वापरतात. टायटॅनियम चुंबकक्षेत्र थोडं वाढवतं, कॅल्शियम कमी करतं; साध्या चित्रात हा फरक हरवतो, फेजमध्ये टिकतो. क्यूएसएम त्या फेजवरून उलट गणित करून प्रत्येक जागेची ससेप्टिबिलिटी काढते, म्हणजे मार्कर एका रंगाचा आणि कॅल्सिफिकेशन दुसऱ्या रंगाचं दिसू शकतं. काळ्या भोकाऐवजी उजळ ठिपका, तोही धातूच्या जागी. कल्पना सुंदर आहे, आणि मार्कर नीट दिसावा म्हणून होणाऱ्या संशोधनात तिला महत्त्व आहे ते यामुळेच.

अडचण स्तनाची आहे. एसडब्ल्यूआय मेंदूसाठी घडलं, आणि मेंदूत चरबी नसते. स्तनात निम्मं-अधिक चरबीच, आणि चरबी पाण्यापासून ३.५ पीपीएमने सरकलेली. तिचा स्वतःचा फेज मार्करच्या फेजमध्ये मिसळतो. मेंदूचा प्रोटोकॉल जसाच्या तसा स्तनावर लावला तर चरबीच्या प्रत्येक कडेला खोटे काळे-पांढरे पट्टे मिळतात. म्हणून तीन-चार किंवा अधिक एको घ्यावे लागतात, चरबी आणि पाणी वेगळं करून मगच क्षेत्राचा नकाशा काढावा लागतो, आणि त्वचेबाहेरच्या हवेचा व फुप्फुसाचा मोठा परिणाम वजा करावा लागतो. त्यातही मार्करच्या अगदी जवळ सिग्नलच नसतो, तिथला फेज म्हणजे नुसता गोंगाट. गणित बाहेरच्या कड्यावरून आतला अंदाज बांधतं. तुमच्याकडे कच्चा डेटा आणि तो हाताळणारं कुणी असेल तर जरूर करून बघा. रोजच्या यादीत मी ते घालणार नाही. मल्टी-एको ग्रेडियंट एको मात्र घालेन: त्याची साधी चित्रं आज वाचता येतात आणि फेज साठवून ठेवला तर पुढे कामाला येतो.

वेगळ्या वाटेने जाणारे मार्करही आहेत. काहींमध्ये धातूच्या बारीक गुंडाळीभोवती हायड्रोजेल असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि काही महिने टी-टूवर चमकदार पांढरं दिसतं, मध्ये बारीक काळा ठिपका. दृश्यमानतेसाठी हा चांगला उपाय आहे. अट एकच: वाचणाऱ्याला तो ठेवल्याचं माहीत हवं, नाहीतर रिपोर्टमध्ये तो छोटी सिस्ट (पाण्याची गाठ) म्हणून लिहिला जातो आणि वर ‘मार्कर दिसत नाही’ हेही.

इथवर मार्कर ठळक कसा करायचा हे झालं. पण सर्जनच्या प्रश्नाकडे परत गेलं तर मार्कर जास्त ठळक होणं हेच कधीकधी नुकसानीचं ठरतं. जो काळा ठिपका मार्कर दाखवतो, तोच त्याच्याभोवतीची ऊती झाकतो. केमोनंतर ३-४ मि.मी.चा आजार उरला असेल तर तो मार्करच्या आसपासच असण्याची शक्यता मोठी, आणि नेमकं तिथेच आपण भोक पाडलेलं असतं. म्हणून मी एकाच सिक्वेन्सकडून दोन्ही कामं करून घेत नाही. जागा बघायला इन-फेज किंवा मोठ्या टीईचा टी-वन. आजार बघायला शक्य तितक्या कमी टीईचा डायनॅमिक. डायनॅमिकचा टीई ‘मार्करसाठी’ कुणी वाढवायला सांगितला तर स्पष्ट नकार द्या. डिफ्यूजनमध्ये (पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या स्कॅनमध्ये) आणखी जपावं लागतं: नेहमीच्या ईपीआयमध्ये (त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जलद सिक्वेन्समध्ये) मार्करजवळची प्रतिमा ओढली-ताणली जाते, त्यामुळे एडीसी (त्या हालचालीचा आकडा) मोजताना वर्तुळ मार्करपासून दूर ठेवायचं, आणि ते जमत नसेल तर आकडा न देणं चांगलं.

याच कारणाने, ऑपरेशनच्या वेळी जागा सापडावी म्हणून ठेवायचं चुंबकीय बीज केमोच्या सुरुवातीलाच ठेवलेलं मला आवडत नाही. ते स्टीलचं असतं आणि त्याचं भोक काही सेंटीमीटरचं होऊ शकतं. पुढच्या प्रत्येक एमआरआयमध्ये गाठीची जागाच गायब. मध्ये एमआरआय होणार असतील तर आधी साधा मार्कर, आणि बीज शेवटच्या एमआरआयनंतर, असा क्रम सर्जनशी बोलून ठरवता येतो.

मार्कर दिसला, पण तो जागेवर आहे का? मॅमोग्राफी किंवा एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली होणाऱ्या व्हॅक्यूम बायोप्सीत स्तन दाबलेला असतो. दाब सोडला की ऊती उलगडतात आणि मार्कर दाबाच्या दिशेने सरकू शकतो. रक्त साकळलं असेल तर तो त्यात तरंगतो आणि साकळलेलं जिरताना जागा बदलतो. एक सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर कोणत्या दिशेने आणि किती, हे बायोप्सीनंतरच्या मॅमोग्राफीवरूनच लिहून ठेवावं लागतं. महिन्यांनी एमआरआयवर ते कळणं अवघड, कारण तोवर गाठ लहान झालेली असते. शिवाय मॅमोग्राफीत स्तन दाबलेला, सोनोग्राफीत रुग्ण उताणी, एमआरआयमध्ये पालथी. तिन्हींत निपलपासूनचं अंतर वेगळं येतं, म्हणून मी अंतरापेक्षा शेजारच्या खुणांवर जास्त विसंबते: चरबीचा एखादा ओळखीचा खळगा, सिस्ट, ग्रंथीची कड.

एका स्तनात दोन-तीन मार्कर असतील तर कोणता कोणता, हे एमआरआयला विचारू नका. मार्करचा आकार रिबन असो, कॉइल असो की पंख, इथे सगळ्यांचा काळा गोळाच होतो. आकार मॅमोग्राफीत ओळखायचा.

मार्करसाठी एमआरआय मी स्वतः मागते असा एक प्रसंग आहे. फक्त एमआरआयमध्ये दिसलेला डाग सोनोग्राफीत ‘सापडतो’ आणि तिथून बायोप्सी होते, तेव्हा तो डाग आणि हा डाग एकच आहे याची खात्री नसते. बायोप्सीनंतर कॉन्ट्रास्ट न देता फक्त चरबी न दाबलेला टी-वन काढायचा आणि जुन्या स्कॅनशी ताडायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. मार्कर डागाच्या जागी नसेल तर ‘कर्करोग नाही’ या अहवालावर विश्वास ठेवायचा नाही. एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा बायोप्सी लागते.

काखेतल्या लिम्फ नोडमधला मार्कर हा वेगळाच विषय, आणि तिथे मी एमआरआयकडून फार अपेक्षा ठेवत नाही. तो नोड ऑपरेशनमध्ये नेमका काढला जावा हे महत्त्वाचं आहे: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एमडी अँडरसनच्या अभ्यासात केमोनंतर फक्त सेंटिनल नोड (गाठीकडून लसिका जिथे सर्वांत आधी पोचते तो) काढल्यावर आजार निसटण्याचं प्रमाण १०.१ टक्के होतं, मार्कर ठेवलेला नोडही काढल्यावर २ टक्के. पण काख स्तनाच्या कॉइलच्या (सिग्नल पकडणाऱ्या अँटेनाच्या) कडेला येते, तिथे सिग्नल कमी. त्यात हृदयाच्या हालचालीचे भुताटकी पट्टे स्तनातून जाऊ नयेत म्हणून आपण फेज-एन्कोडिंग (असे पट्टे ज्या दिशेने पसरतात ती दिशा) डावी-उजवीकडे ठेवतो, आणि ते पट्टे थेट काखेवरून जातात. नोडच्या मध्यात चरबी असते म्हणून इन-फेज टी-वनवर मार्कर कधी छान दिसतो, कधी काहीच कळत नाही. इथे सोनोग्राफी पुढे.

शेवटी रिपोर्टच्या भाषेचं. ‘मार्कर दिसत नाही’ हे वाक्य सर्जनच्या कानाला ‘मार्कर हरवला’ असं ऐकू येतं. त्याऐवजी मी लिहिते: कोणत्या पदार्थाचा मार्कर ठेवल्याची नोंद आहे, कोणत्या सिक्वेन्सवर शोधला, आणि त्या पदार्थाचा मार्कर त्या सिक्वेन्सवर दिसणं अपेक्षित होतं का. टायटॅनियमचा मार्कर इन-फेज पातळ स्लाइसवर दिसला नाही तर मॅमोग्राफी करा असं लिहिते. सिरॅमिकचा दिसला नाही तर त्यात काही विशेष नाही, असं लिहिते. मार्कर दिसला तर उरलेल्या आजारापासून किती मि.मी. आणि कोणत्या दिशेला, हे लिहिल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही.

तुमच्या डायनॅमिक सिक्वेन्सचा टीई, स्लाइसची जाडी, डिक्सन वापरता की नाही, आणि तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णांना सहसा कोणत्या पदार्थाचा मार्कर लावलेला असतो, एवढं कळवलंत तर पुढचे आकडे नेमके सांगता येतील.